डेकखालची हवा

वेवजी हे तलासरी तालुक्याचे टोकाचे गाव. पलीकडे सोळसुंबा, म्हणजे गुजरात. हद्द नेमकी कुठून जाते यावरून या दोन गावांत अलीकडे वाद झाला, तो वर्तमानपत्रांतही आला. एकोणिसाव्या शतकात हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. उंबरगाव, संजाण, वेवजी, तलासरी, डहाणू हा सगळा पट्टा तेव्हा एकाच अमलाखाली होता. पेशवाई बुडाल्यावर उत्तर कोकण कंपनी सरकारकडे आले, आणि खून-दरोड्यासारख्या मोठ्या गुन्ह्याचा निवाडा ठाण्याला होऊ लागला. या गावांतल्या कुणाला ‘समुद्रापार जन्मठेप’ झाली, तर घरापासून दोन-तीन तासांच्या चालीवर असलेला समुद्र सोडून त्याला आधी दक्षिणेकडे चालावे लागे. सूर्या ओलांडायची, वैतरणा ओलांडायची, मग ठाण्याची खाडी. मुंबईला जोडणारी रेल्वे या पट्ट्यात १८६४ साली आली. तोवर सव्वाशे किलोमीटरांहून जास्त वाट होती आणि ती पायीच तुडवायची, तीही पहाऱ्यात.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे जुना किल्ला. याच किल्ल्यातून १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी डेंगळे निसटले होते, आणि याच जागी २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी झाली. या दोन नावांमुळे ठाण्याचा तुरुंग आपल्या लक्षात आहे. पण मुंबई इलाख्याच्या कारभारात त्याला आणखी एक काम होते. काळ्या पाण्याच्या शिक्षेचे कैदी इथे गोळा व्हायचे, जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने राहायचे आणि संख्या जुळली, वारा जुळला की मुंबई बंदराकडे निघायचे. मलबारचा, खानदेशचा, गुजरातचा, कोकणचा, असा सगळा माणूस एका भिंतीआड.

जहाजावरच्या औषधोपचाराची गोष्ट खरे तर इथेच सुरू होते. कैदी जहाजावर चढवण्यापूर्वी सर्जनने त्याला तपासायचे आणि प्रवास झेपेल असा दाखला द्यायचा. म्हातारा, पांगळा, फार आजारी माणूस मागे ठेवायचा. नियम म्हणून हे ठीकच. पण त्या काळच्या तुरुंगात गर्दी असे, हगवण आणि ताप तिथे कायमचे मुक्कामाला, आणि पटकीची साथ केव्हा येईल याचा भरवसा नसे. पटकी १८१७ मध्ये बंगालमध्ये भडकली आणि १८१८ च्या पावसाळ्यात मुंबईत पोहोचली. त्यानंतर ती पुन्हा पुन्हा येत राहिली. पटकीचे विष पोटात गेल्यापासून लक्षण दिसेपर्यंत काही तास जातात, कधी पाच दिवसही. तपासणीच्या सकाळी माणूस धडधाकट, दाखला खरा, सही खरी. आणि जहाज बंदर सोडून तीन दिवस झाले की तोच माणूस डेकखाली आचके देतोय. त्यात पिण्याचे पाणीही मुंबईचेच. विहार तलावाचे पाणी शहरात १८६० साली आले. त्याआधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती, आणि जहाजाची लाकडी पिंपेही तेच पाणी घेऊन निघत. रोग वाटेत भेटत नव्हता, तो किनाऱ्यावरूनच बरोबर यायचा.

जायचे कुठे? कंपनीने हिंदी कैदी समुद्रापार धाडायला १७८७ च्या सुमारास सुमात्रातल्या बेंकुलेनपासून सुरुवात केली. मग पिनांग. मग अंदमान: मुंबई मरीनमधल्या आर्चिबाल्ड ब्लेअरने तिथे १७८९ मध्ये वसाहत घातली, तिच्यात कैदी आले, आणि रोगराईने ती इतकी पोखरली की १७९६ मध्ये गाशा गुंडाळून उरलेले कैदी पिनांगला हलवले. पुढे मलाक्का, सिंगापूर, तेनासरीम. आणि मॉरिशस. १८१५ पासून १८३७ पर्यंत बंगाल, मुंबई आणि सिलोनमधून जवळजवळ दीड हजार कैदी मॉरिशसला उतरले. त्यांत बायका फक्त सहा.

यांच्यासाठी खास बांधलेली जहाजे नव्हती. मुंबईहून चीनकडे कापूस आणि अफू घेऊन जाणारे व्यापारी जहाज सिंगापूरवरून जातच असे. त्याच्या मालकाला सरकार दरडोई भाडे देई आणि माल रचून उरलेल्या जागेत कैदी बसत. डेकखाली, दोन तक्त्यांच्या मधल्या बुटक्या जागेत, जिथे उंच माणसाला ताठ उभे राहता येत नाही. पायांत बेड्या, आणि बहुतेक वेळा बेड्यांतून ओवलेली एक लांब साखळी किंवा सळई. कोपऱ्यात शौचाचे पिंप.

ही साखळी वैद्यकाच्या नजरेने पाहिली पाहिजे. हगवण लागलेल्या माणसाला रात्रीत दहा वेळा उठावे लागते. तो उठला की साखळीवरचे शेजारी उठले. पहारेकऱ्याने साखळी सोडली नाही, तर तो बसल्या जागीच. वर डेकवर कॅप्टनच्या खोलीत औषधांची पेटी आहे, तिच्यात कॅलोमेल म्हणजे पाऱ्याची पूड, अफूचा अर्क, एरंडेल, रेवाचिनी, सगळे आहे. पण या माणसाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न कुलपाच्या किल्लीशी बांधलेला आहे आणि किल्ली डॉक्टरच्या हातात नाही. बेडीने घासून घोट्याला पडलेली जखम खाऱ्या पाण्याने चिघळे, तिचेही तसेच. मलम लावायचे, पण बेडी काढायची की नाही हे सांगणार कॅप्टन.

डॉक्टर तरी कोण? बहुधा ‘नेटिव्ह डॉक्टर’, लष्करी इस्पितळात मलमपट्टी, नाडी, पुड्या बांधणे शिकून तयार झालेला माणूस. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि तिथली पदवी घेऊन भाऊ दाजींची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्यांच्यासारखे लोक काही कैद्यांच्या जहाजावर जाणार नव्हते. गेलेल्या डॉक्टरचा पगार तुटपुंजा, जहाजावरचा मान खलाशापेक्षा थोडा बरा, तांडेलापेक्षा कमीच. गोऱ्या कॅप्टनला ‘डेकवरची झडप उघडा, खाली हवा येऊ द्या’ असे तो सांगू शकत होता का, हा खरा प्रश्न.

कारण त्या काळचे बहुतेक सगळे वैद्यक एका गोष्टीवर ठाम होते: रोग दूषित हवेतून होतो. कोंदट, घाण वासाची हवा हेच विष. म्हणून जहाजावरच्या डॉक्टरांचे पहिले औषध हवा. शिडाच्या कापडाचे लांब नळकांडे करून त्यातून वारा खाली सोडायचा, तक्ते घासायचे, व्हिनेगर शिंपडायचे, गंधक किंवा बंदुकीची दारू जाळून धुरी द्यायची, पुढे पुढे क्लोराइड ऑफ लाइम. आणि कैद्यांना टोळीटोळीने वर आणून उन्हा-वाऱ्यात बसवायचे, अंगावर पाणी घ्यायला लावायचे. त्यांचा सिद्धांत चुकीचा होता. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवत होता तेव्हाही त्याचे फारसे कुणी ऐकले नाही. आणि तुरुंगातला तो कुप्रसिद्ध ताप, टायफस, उवांमुळे पसरतो हे तर १९०९ साली कळले. तरी उपाय लागू पडत होता. माणूस वर आला की घाणीतून बाहेर आला, अंग धुतले, कपडे वाळवले, शौच समुद्रात झाले. सिद्धांत चुकीचा, उपाय बरोबर, असे वैद्यकात अनेकदा झाले आहे.

पण झडप उघडली की भीतीही वर येई. शंभर कैद्यांवर पहारा वीस-पंचवीस जणांचा, खलाशी आपल्याच देशातले आणि गोरे अधिकारी बोटांवर मोजण्याइतके. १८३९ मध्ये मुंबईहून सिंगापूरला निघालेल्या ‘व्हर्जिनिया’वर कैदी उठले आणि त्यांनी कॅप्टनला ठार केले. १८४८ मध्ये ‘जनरल वुड’ जहाजावर चिनी कैद्यांनी तेच केले. १८५४ मध्ये कलकत्त्याहून पिनांगला चाललेले ‘क्लॅरिसा’ कैद्यांनी पुरतेच ताब्यात घेतले. अशी प्रत्येक बातमी पसरली की पुढच्या जहाजांवरच्या झडपा आणखी घट्ट. डॉक्टरच्या शास्त्राप्रमाणे बंद झडप म्हणजे मृत्यू. कॅप्टनच्या अनुभवाप्रमाणे उघडी झडप म्हणजे मृत्यू. दोघांच्या मरणाऱ्या माणसांत मात्र फरक होता. शेवटचा शब्द कुणाचा हे सांगायला नको.

जेवणाची अडचण वेगळीच. जहाजावरच्या चुलीवर कुणी शिजवले, कुणी शिवले, यावरून पुष्कळ कैदी शिजवलेले खात नसत. त्यांच्यासाठी चणे, पोहे, चुरमुरे, गूळ-साखर असा कोरडा शिधा द्यावा लागे. सरकारी कागदांत याला ‘जातीच्या समजुती’ म्हणून उपरोधाने लिहिलेले असते. पण नुसते चणे-पोहे महिनाभर, पाणी मोजून, आणि पोट आधीच बिघडलेले, हे मिश्रण काय करते ते कुठल्याही गावातली आजी सांगेल. पटकीवर त्या वेळची दवा अफू, कॅलोमेल आणि ब्रँडी. ब्रँडीला अनेक जण तोंड लावत नसत. कॅलोमेल घेतले तर आणखी जुलाब. खरे औषध मीठ-साखरेचे पाणी, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळची दवा न घेण्याने फार नुकसान झाले असेल असे वाटत नाही.

आणि ‘काळे पाणी’ या शब्दाची दहशत? ब्राह्मण-मराठ्यांना समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, हे खरेच. सरकारने तर या भीतीवरच शिक्षेची धार मोजली होती. पण सातपाटी-डहाणूच्या कोळ्याला किंवा मुंबईच्या खलाशाला समुद्राची काय भीती? त्याची भीती समुद्राची नसून साखळीची होती, आणि परत न येण्याची.

आता थोडे दूर जाऊ, कारण तिथे हाच खेळ दुसऱ्या आकड्यांनी खेळला गेला. इंग्लंडचे कैदी १७८७ पासून ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले. पहिल्या ताफ्यात अकरा जहाजे, मुख्य सर्जन जॉन व्हाइट. आठ महिन्यांचा प्रवास होता, तरी मृत्यू मानाने थोडे. दुसरा ताफा १७९० मध्ये पोहोचला तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या ठेक्यात. भाडे दरडोई १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि ते जहाजावर चढवलेल्या माणसामागे. उतरलेल्या नव्हे. हजारावर कैद्यांपैकी अडीचशेहून अधिक वाटेत मेले. गुलामांसाठीच्या आखूड बेड्या घातलेल्या, अन्न वाचवलेले. मेलेल्याचा शिधा मिळत राहावा म्हणून प्रेताशेजारी निजलेले लोक. १७९९ मध्ये ‘हिल्सबरो’ जहाजावर तीनशे कैद्यांपैकी ९५ टायफसने गेले.

१८१४ मध्ये एकापाठोपाठ तीन जहाजे सिडनीला मुडद्यांच्या याद्या घेऊन पोहोचली. त्यांतले ‘जनरल ह्युइट’ तर कलकत्त्यात बांधलेले. ‘सरी’वर कॅप्टन आणि सर्जन दोघेही टायफसने मेले. गव्हर्नर मॅक्वारीने चौकशी दिली विल्यम रेडफर्नकडे. हा रेडफर्न कोण? १७९७ च्या आरमारी बंडात सामील म्हणून फाशीची शिक्षा झालेला, ती सौम्य होऊन ऑस्ट्रेलियात आलेला तरुण सर्जन. साखळी त्याने आतून पाहिली होती. त्याने लिहिले: हवा, स्वच्छता, कपडे, अन्न, आणि कॅप्टनच्या हाताखाली नसलेला डॉक्टर. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. १८१५ पासून प्रत्येक कैदी-जहाजावर आरमाराचा सर्जन ‘सुपरिंटेंडेंट’ म्हणून जाऊ लागला. तो ठेकेदाराचा नोकर नव्हता. कॅप्टनने त्याचे ऐकले नाही तर तो तक्रार करू शकत होता. धडधाकट उतरलेल्या प्रत्येक कैद्यामागे त्याला अर्धी गिनी बक्षीस. मृत्यूंचे प्रमाण पुढच्या काळात शंभरात एकाच्या आसपास आले. औषधे तीच होती, रोगांविषयीचे अज्ञानही तेच. बदलला तो हिशोब: पैसे कधी मिळणार आणि झडप कुणाच्या शब्दावर उघडणार.

या सर्जनांनी रोजनिशा ठेवल्या. कुणाला ताप, कुणाला किती अफू, कुणी कधी दगावला. शेकडो रोजनिशा आज लंडनच्या अभिलेखागारात आहेत आणि ऑस्ट्रेलियातली घराणी त्यांत आपले खापरपणजोबा शोधतात. मुंबईहून गेलेल्या कैद्यांविषयीचे कागद मुंबईत काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र शासनाच्या दप्तरखान्यात, न्याय खात्याच्या बाडांत आहेत. त्यांचा स्वभाव निराळा. कैद्याबरोबर जाणाऱ्या यादीत नाव, बापाचे नाव, जात, गुन्हा, उंची आणि अंगावरच्या खुणा. देवीचे व्रण कुठे, जखमेची खूण कुठे, हे बारकाईने. डॉक्टरची नजर या शरीरावरून फिरली ती पळाला तर ओळखू यावा म्हणून.

देवीवरून आठवले: हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली तीही मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे समुद्रावाटे लस सुखरूप आणण्याची अक्कल आणि निगा या बंदराला अवगत होती.

मॉरिशसला जे पोहोचले त्यांनी रस्ते फोडले, पूल बांधले, पोर्ट लुईवरच्या टेकडीवरल्या किल्ल्याला दगड वाहिले. १८३६ च्या एप्रिलअखेरीस ‘बीगल’ जहाजावरून परतताना डार्विन तिथे उतरला. हे कैदी पाहून तो थक्क झाला: हिंदुस्थानातले लोक इतके रुबाबदार दिसत असतील असे त्याला वाटलेच नव्हते. त्याने संख्या लिहिली आठशेच्या आसपास. त्याला दिसले ते जगलेले लोक. तुरुंग, साखळी, पटकी, सहा आठवडे डेकखाली आणि मग सडकेवरची वर्षे, इतक्या चाळण्यांतून जो उरला तो रुबाबदार दिसणारच.

वाहतूक एकाच बाजूने नव्हती, हेही जाता जाता. मलाक्का-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी उलट इकडे येत. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत त्यांचा तुरुंग होता. तिथल्या सडका त्यांनी केल्या, बटाटा आणि भाजीपाल्याचे मळे त्यांनी फुलवले, आणि आज पर्यटक जो ‘चायनामन्स फॉल’ पाहतात त्याचे नाव त्यांच्यावरून आले. त्यांच्यासाठी आपला सह्याद्री म्हणजेच काळे पाणी.

मॉरिशसकडे त्याच वाटेने दुसरे लोकही निघाले: करारावरचे मजूर. रत्नागिरीकडचे हजारो मराठी कुणबी त्यांत होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांची जहाजे काही स्वर्ग नव्हती. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवर पटकी आहे म्हणून उतारूंना पोर्ट लुईला उतरू न देता गॅब्रिएल बेटावर सोडले, आणि तिथे धड निवारा नसताना शेकडो माणसे मेली. पण मग काय झाले ते पाहा. ओरड झाली, हिंदुस्थान सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ थांबवले, क्वारंटाइनची इमारत उभी राहिली, पोर्ट लुईच्या घाटावर इस्पितळाच्या खोल्या झाल्या, डॉक्टर, जागा, शिधा यांचे नियम कडक झाले. मजूर मेला तर मळेवाल्याचे पैसे बुडत. हिंदी कैदी मेला तर कुणाचेच काही बुडत नव्हते.

१८५७ नंतर तर सरकारला घाई झाली. अंदमान पुन्हा उघडायचे ठरले. जागा पाहायला गेलेल्या तिघांच्या समितीचा प्रमुख डॉ. फ्रेडरिक मोआट, बंगालच्या तुरुंगांचा तपासनीस. दुसरा सदस्य प्लेफेअर, तोही डॉक्टर. वसाहतीचा पहिला सुपरिंटेंडेंट नेमला तो जेम्स पॅटिसन वॉकर. आग्र्याच्या तुरुंगाचा अनुभवी, आणि हाही डॉक्टरच. ४ मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ या आगबोटीतून दोनशे कैदी घेऊन तो कलकत्त्याहून निघाला, बरोबर दोन देशी डॉक्टर आणि पन्नास जणांचा पहारा. सहा दिवसांत ते पोचले. शिडांचा जमाना संपत होता. महिन्याचा प्रवास आठवड्यावर आला होता. पुढच्या काही आठवड्यांत कराचीहून ‘रोमन एम्परर’ आले, आणखी जहाजे आली. जहाजावर मरायला आता वेळच पुरत नसे. मरणे बेटावर सुरू झाले.

रेडफर्नने मागितले होते तेच इथे घडले होते असे म्हणता येईल: सगळी सत्ता डॉक्टरच्या हातात. कॅप्टनची आडकाठी नाही, ठेकेदार नाही, झडपच नाही. जूनच्या मध्यापर्यंत ७७३ कैदी उतरले. त्यांतले ६४ इस्पितळात मेले. १४० पळाले ते सापडले नाहीत. एकाने जीव दिला. आणि ८७ जणांना वॉकरने फाशी दिली; पळून जाऊन, बेटावरच्या लोकांचे बाण खाऊन, उपाशीपोटी परत आलेले किंवा पकडून आणलेले बहुतेक तेच. उरले ४८१. इस्पितळात गेलेल्यांपेक्षा डॉक्टरच्या हुकमाने गेलेले जास्त.

कलकत्त्याला हा आकडा कळल्यावर सरकारने पळून जाण्याबद्दल फाशी देणे बंद करायला लावले. बेड्या घालून ठेवावे, असे ठरले. वॉकरचा कैद्यांशी आणि वरिष्ठांशी तणाव वाढत गेला आणि १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये तो पद सोडून गेला. त्याच्या जागी कॅप्टन हॉटन आला. हा सैनिक. त्याच्या अमदानीत कैद्यांना वागणूक बरीच सौम्य मिळाली.